एकच पाईप, एकच पाणी, पण वेगाची तीन उत्तरे: एककांचा घोळ कसा सोडवावा?

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी.

सदलग्याजवळ दूधगंगेच्या काठावर आमची ५ अश्वशक्तीची मोटर आहे. तिथून मळ्यापर्यंत ९० मिमीचा, ४ किलोचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब सोसणारा) पीव्हीसी पाईप सुमारे ६०० मीटर जमिनीखालून आला आहे. नदीच्या पाण्यापासून मळ्यातील तोंडापर्यंतची उभी उंची साधारण १४ मीटर भरते. थ्री फेज वीज असते तेवढ्या तासांत उसाची भिजवण पुरी होत नाही, म्हणून साडेसात किंवा दहा अश्वशक्तीची मोटर बसवावी असा आण्णांचा आग्रह आहे. दुकानदाराच्या मते मोटर आहे तीच ठेवून पाईप मोठा करावा. यापैकी कशावरही पैसे घालण्याआधी पाईपमधून पाणी किती वेगाने वाहते ते काढावे, असे मी ठरवले.

मळ्यातील तोंडाखाली १००० लिटरची टाकी ठेवली. ती भरायला २ मिनिटे १० सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला ४६१.५ लिटर पाणी. इथपर्यंत कोणाचाही वाद नाही. मी ९० मिमी व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ६३६२ काढून ४६१.५ ला त्याने भागले, तेव्हा उत्तर ०.०७२५ आले. दुकानदाराने मोबाईलमधील कॅल्क्युलेटरमध्ये तेच आकडे घातले, त्यात ३.९७ आले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला असलेल्या आतेभावाने फोनवर ऐकून घेतले, पाईपच्या भिंतीची जाडी व्हर्नियरने मोजून कळवायला सांगितली (ती २.७ मिमी भरली) आणि १.३७ हे उत्तर दिले.

यातील खरे उत्तर कोणते, आणि तो वेग आमच्या पाईपसाठी योग्य आहे की नाही, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पाणीपुरवठा_निवृत्त

आपण टाकी लावून विसर्ग मोजला, हे फार चांगले केले. बहुतेक जण मोटरच्या पाटीवरचा आकडा खरा मानून पुढे जातात. पाटीवरचा विसर्ग एका ठरावीक हेडला (घर्षण धरून पंपाला पाणी जितक्या मीटर उंच ढकलावे लागते त्याला) मिळणारा असतो आणि ते हेड आपल्या मळ्याचे असेलच असे नाही.

तिन्ही उत्तरे एकाच पाण्याची आहेत. सूत्रात कोणीही चुकलेले नाही, कारण सूत्र एकच आहे: वेग म्हणजे विसर्ग भागिले छेदाचे क्षेत्रफळ. फरक पडला तो एककांमुळे आणि व्यास कोणता घेतला यामुळे.

आपले ०.०७२५ पाहू. वर लिटर प्रति मिनिट आणि खाली चौरस मिलिमीटर असल्यामुळे या आकड्याचे एकक 'लिटर प्रति मिनिट प्रति चौरस मिलिमीटर' असे होते. असे एकक कोणी वापरत नसले तरी त्याला अर्थ आहे. एक लिटर म्हणजे घनमीटरचा हजारावा भाग आणि एक चौरस मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरचा दहा लाखावा भाग, म्हणून या एककातील १ म्हणजे मिनिटाला १००० मीटर. आपले ०.०७२५ म्हणजे मिनिटाला ७२.५ मीटर, आणि त्याला ६० ने भागले की सेकंदाला १.२१ मीटर.

दुकानदाराचे ३.९७ हे सेकंदाला फुटात आहे. ते ०.३०४८ ने गुणून पाहा, पुन्हा १.२१ मीटरच मिळतील. त्यांच्या कॅल्क्युलेटरमध्ये उत्तराचे एकक फुटांवर लावलेले असणार आणि पडद्यावरच्या आकड्यापुढील बारीक अक्षरे कोणी वाचली नसणार.

आपल्या आतेभावाने आतील व्यास घेतला. बाजारात ९० मिमी म्हणून मिळणाऱ्या पीव्हीसी पाईपचा ९० मिमी हा बाहेरचा व्यास असतो. दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की ९० − ५.४ = ८४.६ मिमी उरतात आणि पाणी तेवढ्यातूनच जाते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे व्यासातील ६ टक्क्यांची घट वेगात १३ टक्क्यांची वाढ होऊन दिसते. १.३७ मीटर प्रति सेकंद हे उत्तर बरोबर आहे.

एकके न सोडता केलेली मांडणी अशी दिसते:

विसर्ग = ४६१.५ लि/मि ÷ ६०,००० = ०.००७६९ घनमीटर/सेकंद
क्षेत्रफळ = ०.७८५४ × ०.०८४६ मी × ०.०८४६ मी = ०.००५६२ चौरस मीटर
वेग = ०.००७६९ ÷ ०.००५६२ = १.३७ मीटर/सेकंद

पहिल्या ओळीतील ६०,००० हा आकडा दोन पायऱ्यांचा आहे: लिटरचे घनमीटर करायला १००० आणि मिनिटाचे सेकंद करायला ६०. यातील एक पायरी सुटली की उत्तर हजारपट किंवा साठपट चुकते. साठपट चूक बऱ्याचदा पकडली जात नाही, कारण येणारा आकडा डोळ्याला फार वेडावाकडा दिसत नाही.

खानापूर_शिक्षिका

काकांनी मांडणी उत्तम केली आहे. वर्गात शिकवताना जे ठळकपणे दिसते ते जोडते. मुले मिलिमीटरचे मीटर करताना १००० ने भागतात आणि चौरस मिलिमीटरचे चौरस मीटर करतानाही १००० नेच भागतात. क्षेत्रफळात लांबी दोनदा येते, म्हणून भागाकारही दोनदा करावा लागतो. ही अडचण टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे व्यास आधी मीटरमध्ये लिहायचा आणि मग वर्ग करायचा. ८४.६ मिमी लिहून वर्ग करून मागाहून एकक बदलायला जाल तर गडबडीला जागा राहते.

दुसरी अडचण व्यास आणि त्रिज्या यांची. पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग हे सूत्र पाठ असते, पण हातात व्यास असतो. व्यासच त्रिज्येच्या जागी घातला की क्षेत्रफळ चौपट होते आणि वेग चौथा हिस्सा येतो. १.३७ ऐवजी ०.३४ आले तर कोणालाही शंका येत नाही, कारण तोही पाण्याचा वेग असू शकतो. म्हणून पाय छेद चार गुणिले व्यासाचा वर्ग, म्हणजेच ०.७८५४ गुणिले व्यासाचा वर्ग, हेच रूप कायम वापरावे असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती अशी की १.३७ हा सरासरी वेग आहे. भिंतीला टेकलेले पाणी जवळजवळ थांबलेले असते आणि मध्यभागी ते सरासरीहून जोरात धावते. आपल्या पाईपसारख्या खळबळत्या प्रवाहात मधला वेग सरासरीच्या सुमारे १.२ पट असतो, तर संथ, थराथरांनी वाहणाऱ्या प्रवाहात तो बरोबर दुप्पट असतो.

ऊसवाला

एवढे गणित कशाला? दोन इंची दोन पाईप टाकले की चार इंची एक पाईप झाला, चार इंचीत ऊस भिजतोच. आणि आमच्याकडे बोअरला दोन इंच पाणी आहे, ते मीटर प्रति सेकंदात किती होते ते सांगा पाहू.

पाणीपुरवठा_निवृत्त

ऊसवाले पाहुणे, आपले दोन्ही प्रश्न कामाचे आहेत.

दोन इंची दोन पाईप मिळून चार इंची एक पाईप होत नाही. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून नुसत्या क्षेत्रफळाने पाहिले तरी चार इंचीच्या बरोबरीला दोन इंचीचे चार पाईप लागतात. बारीक पाईपमध्ये घर्षण जास्त असते, ते धरले तर तेवढ्याच अंतरावर तेवढेच हेड खर्चून तेवढेच पाणी न्यायला सहा पाईपही किंचित कमी पडतात. निपाणी, चिकोडी भागात एका मोठ्या लाईनला दोन-तीन ६३ मिमीचे फाटे काढून 'पाणी वाटले' म्हणतात. त्या फाट्यांची क्षेत्रफळे बेरीज करून पाहिली तर ती मूळ लाईनपेक्षा कमी भरण्याची शक्यता बरीच असते.

बोअरच्या 'दोन इंच पाण्या'तील इंच पाईपचा नसतो. बोअर मारणारे लोक पाणी एका पत्र्याच्या पेटीतून सोडतात. तिच्या तोंडाला काटकोनी, इंग्रजी व्ही आकाराची खाच असते आणि त्या खाचेच्या तळापासून पाणी किती इंच चढले ते पाहतात. म्हणजे तो उंचीचा इंच आहे. ९० अंशाच्या खाचेसाठी विसर्ग (घनमीटर प्रति सेकंद) सुमारे १.३८ गुणिले उंचीचा (मीटर) अडीचवा घात, असे सूत्र आहे. त्याप्रमाणे एक इंच पाणी म्हणजे तासाला सुमारे ५१० लिटर आणि दोन इंच पाणी म्हणजे तासाला सुमारे २९०० लिटर. इंच दुप्पट झाला तर पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढते. तेव्हा शेजाऱ्याला एक इंच आणि आपल्याला दोन इंच लागले असतील तर आपल्याकडे त्याच्या दुप्पट पाणी आहे असे समजू नका.

वेग विचाराल तर तो आपण हे पाणी कोणत्या पाईपमध्ये घालता त्यावर ठरेल. ५० मिमी आतील व्यासाच्या पाईपमध्ये २९०० लिटर प्रति तास म्हणजे सेकंदाला सुमारे ०.४१ मीटर.

खरे तर आपल्या भागात एककांची खिचडीच झालेली आहे. अलमट्टीतून किती पाणी सोडले ते वर्तमानपत्रात क्युसेकमध्ये येते, धरणातील साठा टीएमसीत येतो, बेळगावला राकसकोप आणि हिडकलहून येणारे पाणी दशलक्ष लिटर प्रति दिन असे मोजतात, पाईप इंचात मागतात आणि मिलिमीटरमध्ये मिळतो, हेड फुटात सांगतात आणि दाब किलोत. धागाकर्त्यांची मोटर क्युसेकच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित जास्त पाणी उचलते, कारण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. जुन्या पंपांच्या पाटीवर गॅलन प्रति मिनिट असते, तिथे जरा जपून. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकन ३.७८५ लिटरचा आहे. पाटीवर १०० असेल तर एका हिशोबाने या पाईपमध्ये वेग १.३५ येईल आणि दुसऱ्या हिशोबाने १.१२.

दूधगंगाकाठ

काका, ताई, मनापासून आभार. माझे ०.०७२५ अगदीच टाकाऊ नव्हते, फक्त त्याला नाव नव्हते, हे वाचून बरे वाटले. आता दुसरा प्रश्न. १.३७ हा वेग चांगला की वाईट? मोटर मोठी करावी की पाईप?

उद्यमबाग_हायड्रॉलिक

काका घर्षणाचा हिशोब मांडतीलच. तोवर एक तयार सूत्र देतो, आमच्या कारखान्यात ते भिंतीवर लिहून ठेवले आहे.

वेग (मी/से) = २१.२२ × विसर्ग (लि/मि) ÷ आतील व्यासाचा वर्ग (मिमी)

विसर्ग घनमीटर प्रति तासात असेल तर २१.२२ च्या जागी ३५३.७ घालावे, आणि लिटर प्रति सेकंदात असेल तर १२७३. सगळी एककांची अदलाबदल या एका आकड्यात मुरलेली आहे, म्हणूनच हे सूत्र कंसात लिहिलेल्या एककांखेरीज इतर कशातही चालत नाही. कोणी इंच घातले तर ते निमूटपणे चुकीचे उत्तर देईल.

बेळगावात हायड्रॉलिक सिलिंडर आणि पॉवर पॅक बनवणारे बरेच कारखाने आहेत. तेलाच्या बाबतीतही गणित हेच, फक्त वेगाच्या मर्यादा वेगळ्या आहेत. सक्शनमध्ये, म्हणजे पंप तेल ओढतो त्या लाईनमध्ये, साधारण १ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास राहावे, टाकीकडे परतणाऱ्या लाईनमध्ये २ ते ३, आणि दाबाच्या लाईनमध्ये ४ ते ६ चालतो. मिनिटाला ४० लिटरचा पंप असेल तर अर्धा इंच आतील व्यासाच्या होजमध्ये वेग ५.३ येतो, तो दाबाच्या बाजूला ठीक आहे. तोच होज सक्शनला लावला तर पंप तेल ओढताना पोकळी धरतो आणि खडखड आवाज करू लागतो. सक्शनला सव्वा इंच लागतो, त्यात वेग ०.८४ येतो.

नवशिक्यांकडून जी गोष्ट हमखास सुटते ती परतीच्या लाईनची. पंप ४० लिटरचा आहे म्हणून परतीलाही ४० लिटरच येणार असे धरले जाते. १०० मिमी बोअर (आतील व्यास) आणि ७० मिमी रॉडचा सिलिंडर मागे घेताना पंपाचे तेल रॉडच्या बाजूला जाते. तिथे जागा कमी असल्यामुळे पिस्टन जलद सरकतो आणि पलीकडच्या पूर्ण बाजूतून तेल बाहेर ढकलले जाते. वर्गांचे गुणोत्तर १०,००० भागिले ५,१०० म्हणजे १.९६, म्हणून परतीच्या लाईनमध्ये मिनिटाला ७८ लिटर येतात. पाऊण इंची लाईन असेल तर वेग ४.६ वर जातो, फिल्टरवर दाब वाढतो आणि तेल तापते. एक इंची घेतली की तो २.६ वर येतो. मूळ विषयापासून मी थोडा दूर गेलो खरा, पण वेग काढण्याआधी त्या नळीतून नेमका किती विसर्ग जातो हे पाहावे लागते, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

पाणीपुरवठा_निवृत्त

सूत्र योग्य आहे. आता मोटर की पाईप.

शेतीच्या लांब लाईनमध्ये वेग १ ते १.५ मीटर प्रति सेकंदाच्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे. ०.६ च्या खाली गेला तर नदीच्या पाण्यातील गाळ तळाशी बसू लागतो, आणि दूधगंगेचे पावसाळ्यातील पाणी किती गढूळ असते ते आपण जाणताच. २ च्या वर गेला तर घर्षणात वीज जाते. त्या दृष्टीने १.३७ मर्यादेत आहे. पण 'मर्यादेत आहे' एवढ्यावर थांबू नये, कारण लाईन ६०० मीटर लांब आहे.

गुळगुळीत पीव्हीसीसाठी हेझन-विल्यम्सच्या सूत्रात गुणांक १५० धरला तर आपल्या पाईपमध्ये दर १०० मीटरला सुमारे २.०३ मीटर हेड घर्षणात जाते. ६०० मीटरला ते १२.२ मीटर होते. उभी उंची १४ मीटर आहे, म्हणजे मोटर जितके काम पाणी वर चढवायला करते जवळजवळ तितकेच ते आडवे सरकवायला करते. एकूण हेड २६ मीटर, विसर्ग सेकंदाला ७.६९ लिटर. यातून पाण्याला मिळणारी शक्ती ९.८१ × ७.६९ × २६.२ म्हणजे सुमारे १९८० वॉट येते. पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर शाफ्टवर ३.६ किलोवॉट, आणि ५ अश्वशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॉट. हिशोब जुळतो. आपली मोटर आपले काम पूर्ण करीत आहे.

आता आण्णांच्या मताप्रमाणे मोठी मोटर लावून याच पाईपमधून मिनिटाला ६०० लिटर नेले असे समजू. पाणी ३० टक्के वाढले, वेग १.७८ झाला, पण घर्षण १२.२ वरून १९.८ मीटरवर गेले, कारण ते विसर्गाच्या १.८५ व्या घाताने वाढते. जादा विजेचा मोठा भाग पाईपच्या भिंती घासण्यात जाणार.

उलट ११० मिमीचा पाईप घेतला, त्याची भिंत ३.२ मिमी धरली, तर आतील व्यास १०३.६ येतो, वेग ०.९१ वर उतरतो आणि ६०० मीटरचे घर्षण सुमारे ४.५ मीटर होते. साडेसात मीटरहून जास्त हेड वाचले. व्यवहारात हे वाचलेले हेड तसेच शिल्लक राहत नाही. एकूण हेड कमी झाले की तोच पंप आपल्या वक्राप्रमाणे (कोणत्या हेडला किती पाणी देतो त्या आलेखाप्रमाणे) जास्त पाणी उचलू लागतो आणि वेग ०.९१ च्या वर जाऊन कुठेतरी स्थिरावतो. किती वाढेल ते पंपाचा वक्र पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, तो विक्रेत्याकडून मागून घ्या. त्यासोबत मोटर किती अँपिअर ओढते तेही तपासा, कारण सेंट्रिफ्युगल पंप कमी हेडवर जास्त पाणी देऊ लागला की मोटरवरचा भार वाढतो.

माझे मत दुकानदाराच्या बाजूने आहे, त्याला पाईप विकायचा आहे हे धरूनसुद्धा.

ऊसवाला

पण पाईपचे तोंड बोटाने दाबले की पाणी लांब जाते. मग बारीक पाईपच चांगला नाही का?

खानापूर_शिक्षिका

लांब जाते, जास्त जात नाही. तोंड दाबल्यावर तोंडापाशी क्षेत्रफळ कमी होते म्हणून तिथला वेग वाढतो, पण बादली भरायला पूर्वीपेक्षा जास्तच वेळ लागतो. घड्याळ लावून पाहावे. वेग आणि विसर्ग या दोन वेगळ्या राशी आहेत आणि उसाला विसर्ग हवा असतो.

दूधगंगाकाठ

आण्णांना हा हिशोब वाचून दाखवला. १९.८ मीटर ऐकल्यावर त्यांनी कागद मागून घेतला आणि स्वतः आकडे तपासले. पण त्यांनी एक शंका काढली आहे. वीज अचानक गेली की नदीजवळच्या भागात पाईप सांध्यातून सुटतो किंवा फुटतो. मोटरजवळ दाब २.६ किलो असेल तर ४ किलोचा पाईप फुटायचे कारण काय?

पाणीपुरवठा_निवृत्त

आण्णांची शंका नेमक्या जागी बोट ठेवते. याचे उत्तरही वेगातच आहे.

६०० मीटर लांबीच्या पाईपमध्ये सुमारे ३.४ टन पाणी १.३७ मीटर प्रति सेकंदाने धावत असते. वीज गेली की मोटर थांबते, पाणी थोडे पुढे जाऊन मागे फिरते आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या झडपेवर) आदळते. या आदळण्याचा दाब काढण्याचे सूत्र झुकोव्हस्की यांच्या नावाने ओळखले जाते: घनता गुणिले दाबलहरीचा वेग गुणिले पाण्याच्या वेगातील बदल. पोलादी पाईपमध्ये ही लहर सेकंदाला हजार मीटरहून जास्त धावते. पीव्हीसी लवचिक असल्यामुळे आपल्यासारख्या पातळ भिंतीच्या पाईपमध्ये ती ३०० मीटरच्या आसपास असते. १००० × ३०० × १.३७ म्हणजे ४,११,००० पास्कल. पास्कलचे किलो प्रति चौरस सेंटिमीटर करायला ९८,०६७ ने भागायचे, उत्तर ४.२ किलो. त्यात १४ मीटर उंचीचे १.४ किलो मिळवले की ५.६ किलो होतात. ही वरची मर्यादा झाली, प्रत्यक्षात आकडा यापेक्षा कमी राहू शकतो. तरीही ४ किलोच्या पाईपला मोटरजवळच्या टप्प्यात झेपणारी ही गोष्ट नव्हे.

वेग ०.९१ वर आणला तर हाच हिशोब २.८ अधिक १.४, म्हणजे ४.२ वर येतो. मोठ्या पाईपचा हाही एक फायदा. नदीकडचा पहिला टप्पा ६ किलोच्या पाईपचा घ्यावा असे मी सुचवीन, मात्र त्याची भिंत जाड असते म्हणून त्या टप्प्यातील आतील व्यास पुन्हा मोजून वेग वेगळा काढावा. व्हॉल्व्ह स्प्रिंगचा, लवकर मिटणारा असावा, म्हणजे पाणी मागे फिरून वेग घेण्याआधीच तो बंद होतो. मळ्याकडचा कॉक हाताने बंद करतानाही घाई करू नये. लहर टोकापर्यंत जाऊन परत यायला १२०० मीटर भागिले ३०० म्हणजे ४ सेकंद लागतात. त्याहून बराच जास्त वेळ घेऊन, पंधरा-वीस सेकंदांत सावकाश कॉक फिरवला तर धक्का पुष्कळ कमी होतो.

उद्यमबाग_हायड्रॉलिक

टाकीशिवाय विसर्ग तपासायची एक पद्धत आहे, धागाकर्त्या दादांनी ती करून पाहावी, म्हणजे ४६१.५ वर दुसरी साक्ष मिळेल. आडव्या पाईपमधून पाणी बाहेर पडते तेव्हा ते ३० सेंटिमीटर खाली पडेपर्यंत किती आडवे जाते ते मोजायचे. ३० सेंटिमीटर पडायला ०.२४७ सेकंद लागतात, आडवे अंतर मीटरमध्ये घेऊन या आकड्याने भागले की तोंडापाशी असलेला वेग मिळतो.

फक्त ९० मिमीच्या उघड्या तोंडावर हे करू नये. १.३७ वेगाला एवढ्या रुंद तोंडात पाणी पूर्ण भरून बाहेर पडत नाही, कडेला येण्याआधीच वरची बाजू खाली वाकते आणि क्षेत्रफळ कमी होते. तोंडाला रेड्यूसर लावून ६३ मिमी पाईपचा दोन-तीन फुटांचा सरळ तुकडा जोडावा आणि तो पाणसळीने आडवा करावा. मोजमाप पाईपच्या आतल्या वरच्या कडेपासून पाण्याच्या धारेच्या वरच्या कडेपर्यंत घ्यावे. एकदा वरची कड धरली आणि एकदा खालची, असे करू नये.

दूधगंगाकाठ

केले. ६३ च्या तुकड्याचा आतील व्यास व्हर्नियरने ५८ मिमी भरला. गवंड्याकडचा काटकोन घेतला, त्याच्या उभ्या बाजूवर ३० सेंटिमीटरला खूण केली आणि आडवी बाजू पाईपवर टेकवून पुढेमागे सरकवत गेलो. खूण धारेच्या वरच्या कडेला लागली तेव्हा आडवे अंतर ७३.५ सेंटिमीटर होते. धार थरथरते, त्यामुळे एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो.

०.७३५ मीटर ÷ ०.२४७३ सेकंद = २.९७ मी/से
विसर्ग = २.९७ × ५८ × ५८ ÷ २१.२२ = ४७१ लि/मि

टाकीने ४६१.५ दाखवले होते. फरक दोन टक्क्यांचा आहे.

उद्यमबाग_हायड्रॉलिक

दोन टक्के म्हणजे उत्तमच. ७३.५ मध्ये एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी सव्वा टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो, आणि टाकीवरची १००० लिटरची खूण कितपत नेमकी आहे हाही प्रश्न आहेच. पाईप घ्यायला जाल तेव्हा व्हर्नियर सोबत न्या आणि भिंतीची जाडी दुकानातच चार ठिकाणी मोजा. वर काकांनी ३.२ धरली आहे, हातात येणारा पाईप त्याहून जाड किंवा पातळ निघाला तर ०.९१ हा आकडा बदलेल.

दूधगंगाकाठ

नेतो. ऊस तुटून गेल्यावर चर खणायला घेणार आहोत, नदीकडचे पहिले १०० मीटर ६ किलोचे आणि पुढचे ४ किलोचे असे ठरले आहे. पंपाचा वक्र विक्रेत्याने पाठवला आहे, पण त्यात विसर्ग लिटर प्रति सेकंदात आणि हेड फुटात आहे.

पाणीपुरवठा_निवृत्त

फूट गुणिले ०.३०४८. वक्राचा फोटो इथे टाका, मोठ्या पाईपवर पंप कुठे स्थिरावतो ते आपण मिळून काढू.